न फुटणारी काच

डोंगरबाबा क्रेनच्या पाळण्यात उभे राहून वर चालले होते आणि खाली अख्खी शिफ्ट माना वर करून बघत होती.

जागा होती डोंगराच्या पोटातली. तिथे खडक फोडून एक प्रचंड दालन खोदायचं काम चाललं होतं. पुढे त्यात वीज तयार करणारी यंत्रं बसायची होती. आत चार मजली इमारत उभीच्या उभी मावेल आणि वर गच्चीत कपडे वाळत घालायलाही जागा उरेल, एवढं ते मोठं. छत खोदून झालं होतं. आता खालचा तळ सुरुंग लावून थराथराने खोल न्यायचा होता. आणि नेमकी त्या छतावरच्या काँक्रीटच्या लेपाला एक लांबलचक भेग पडली होती.

भेगेपाशी पाळणा थांबला. बाबांच्या अंगात पांढरेशुभ्र कपडे होते आणि डोक्यावर कंपनीचं पिवळं हेल्मेट. डोंगर मुठीत असला तरी हेल्मेट काही त्यांनी काढलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, कान खडकाला लावला आणि बराच वेळ नुसते हं हं करत राहिले, एखाद्याने फोनवर सासूचं गाऱ्हाणं ऐकून घ्यावं तसे.

"काय म्हणतोय, बाबा?" साइट मॅनेजरनी खालून अदबीने विचारलं.

"रुसलाय," वरून आवाज आला आणि दालनभर घुमला. "म्हणतो, माझ्या पोटात सुरुंग लावता आणि वर मीच वाईट. पित्त चढलंय त्याला. पण घाबरू नका. मी दमात घेतलंय. बांधून टाकलाय. आता हलायचा नाही."

मग भेगेवर आडव्या चिकटवलेल्या काचेच्या चार पट्ट्यांवर त्यांनी एकेक फुंकर मारली. शेजारच्या चेल्याने टॉर्चचा झोत टाकला. चारही काचा अखंड होत्या. खाली टाळ्यांचा कडकडाट झाला.

टाळ्या न वाजवणारं एकच माणूस होतं, आणि तेही दालनाबाहेर, बोगद्याच्या तोंडाशी. साइटवर सगळे तिला मॅडम म्हणत. खडक तपासणं हे तिचं काम. भेगा कुठे आहेत, कुठल्या दिशेने जातात, छत स्वतःचा भार पेलेल की नाही, हे सांगायला कंपनीने तिला ठेवलं होतं. पण बाबांनी आल्या दिवशीच नियम घातला होता: बंधन घातलेल्या जागेत बाईमाणसाची सावली पडता कामा नये, नाहीतर बंधन सुटतं. तेव्हा ज्या छताची जबाबदारी तिच्यावर, त्याच छताखाली जायला तिला बंदी.

त्याहून जास्त संताप यायचा तो काचांचा. कारण ती युक्ती तिनेच या लोकांना शिकवली होती. काचेची पट्टी भेगेच्या दोन्ही काठांना पक्की चिकटवायची. भेग केसभर रुंदावली तरी काच तडकते. मग समजायचं, खडक हलतोय. "काच खोटं बोलत नाही," हे वाक्यही तिचंच. तिने लावलेल्या काचा एकामागून एक तडकल्या. मग एके दिवशी छतातून टेबलाएवढी कपची सुटली. ती जिथे आदळली, तिथून ड्रिलवाल्यांचा मुकादम नुकताच पाणी प्यायला बाजूला झाला होता. तो मुकादम म्हणजे तिचा सख्खा थोरला भाऊ.

ती म्हणाली, काम थांबवा आणि छतात लांब पोलादी बोल्ट घाला. मॅनेजर म्हणाले, बघू. कामगार म्हणाले, आम्ही आत पाऊल टाकत नाही. मॅनेजरना कामगारांचं म्हणणं लगेच कळलं, कारण त्याने काम अडत होतं. त्यांनी बोल्ट मागवले नाहीत. कुठूनतरी डोंगरबाबांना आणलं. बाबांनी तिच्या तडकलेल्या काचा 'अशुद्ध हाताच्या' म्हणून काढायला लावल्या आणि आपल्या मंतरलेल्या काचा बसवल्या. आठवडा उलटला तरी त्यातली एकही फुटली नव्हती. कामगार परत आत जायला लागले होते.

दुपारी ती मॅनेजरच्या खोलीत गेली आणि लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला.

"छतात भोक पाडून आपण एक सळई खोलवर, पक्क्या खडकात रोवली आहे. तिच्यापासून छत किती खाली सरकलं, ते हे यंत्र मोजतं. सुरुंग उडाला की छत थोडं हलणारच. पण हलून ते स्थिर व्हायला हवं. म्हणजे ही रेघ आडवी व्हायला हवी. ती चढतेच आहे, साहेब. सुरुंग नसतो त्या दिवशीसुद्धा."

"यंत्र बिघडलं असेल."

"तपासलं. शेजारचं यंत्रही तेच सांगतंय."

"मग काचा का नाही फुटत?" मॅनेजर खुर्चीत मागे रेलले. "तुम्हीच म्हणाला होतात ना, काच खोटं बोलत नाही?"

आपलेच दात आणि आपलेच ओठ. तिने लॅपटॉप मिटला. बाहेर येऊन तिने मुख्य कार्यालयातल्या मोठ्या साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, "यंत्र एक सांगतंय, काचा दुसरंच सांगतायत. आपण एक समिती नेमू. तोवर काम चालू राहू दे."

"साहेब, समिती येईपर्यंत छत थांबणार आहे का?"

"हे बघा, तुमचा भाऊ तिथे आहे, मी समजू शकतो. पण तुम्ही भावनेच्या भरात बोलताय."

फोन ठेवून ती चालायला लागली. एका माणसाने खडकाला कान लावला तर तो अनुभव, आणि तिने यंत्रावरचा आकडा दाखवला तर ती भावना. शनिवारी आतापर्यंतचा सगळ्यात मोठा सुरुंग उडायचा होता, बरोबर त्या भेगेखाली. सुरुंगासाठी भोकं पाडायला दादाचीच माणसं आत जाणार होती.

ती राहायची दादा-वहिनीकडेच, कामगार वसाहतीतल्या दोन खोल्यांत. संध्याकाळी वहिनी जेवायला वाढत होती. भिंतीवरच्या फळीवर बाबांनी दिलेला दगडाचा एक खडा स्वच्छ फडक्यावर ठेवलेला होता. त्याच्याकडे न बघायचा प्रयत्न करत तिने विषय काढला.

"दादा, शनिवारी आत जाऊ नकोस."

"मुकादमच गेला नाही तर पोरं जातील का?"

"तेच म्हणतेय. पोरांनाही नेऊ नकोस."

दादाने घास खाली ठेवला. "चिमे, त्या दिवशी मी पाणी प्यायला का उठलो ते सांग. मला तहानही नव्हती. कुणीतरी उठवलं मला."

"तेव्हा बाबा इथे आलेसुद्धा नव्हते."

"ते म्हणतात, लांबूनच हाक मारली होती."

"झाल्यावर म्हणतात ना? झाल्यावर मीही म्हणेन, मीच मारली होती."

दादा हसला नाही. "तुला बोलायला सोपं आहे. ती कपची माझ्या डोक्यावर यायची होती. रोज त्या छताखाली उभं राहायचं तर माणसाला काहीतरी धरायला लागतं."

"मग बोल्ट धर."

"ते देतंय कोण? तू महिनाभर मागतेयस, मिळाले का? त्यांनी बाबा दिला, आम्ही बाबा घेतला."

बाबांवरचा राग, मॅनेजरवरचा राग, साहेबांवरचा राग, हे सगळं ओठांवर आलं होतं. पण दादाचं म्हणणं खरं होतं. ती उठून हात धुऊन आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मोजणीची दुर्बीण बोगद्याच्या तोंडाशी मांडली. सावली आत पडायची नव्हती, नजरेला काही कुणी बंदी घातलेली नव्हती. दुर्बीण छताकडे वळवून तिने एकेक काच बारकाईने बघायला सुरुवात केली. कामाचा मोठा दिवा त्या दिवशी बाजूच्या भिंतीशी सरकवलेला होता आणि उजेड छतावर तिरपा पडला होता. पहिल्या काचेच्या डाव्या टोकामागे एक बारीक काळी रेघ दिसली. उजव्या टोकामागे काही नव्हतं. तिने डोळे चोळले, पुन्हा बघितलं. दुसरी काच. डावीकडे रेघ, उजवीकडे काही नाही. तिसरी तशीच. चौथीही तशीच.

ती रेघ म्हणजे सावली होती. काच आणि छत यांच्यामध्ये फट असल्याशिवाय तिथे सावली पडणार नव्हती.

काचा एकाच टोकाला चिकटवल्या होत्या. दुसरं टोक भेगेच्या पलीकडे नुसतंच अधांतरी होतं. भेग हातभर रुंदावली असती तरी त्या काचा खुंटीला अडकवलेल्या शर्टासारख्या निवांत लटकत राहिल्या असत्या.

एवढ्या साध्या लबाडीवर आपण आठवडाभर डोकं फोडत होतो, हे कळून तिला स्वतःचीच चीड आली. पण हे सांगायचं कुणाला? मॅनेजरला सांगितलं तर संध्याकाळपर्यंत दुसरी टोकंही चिकटलेली असतील आणि ती खोटी पडेल. वर जाऊन दाखवायची तर बंदी. कुणीतरी असं माणूस वर जायला हवं होतं, ज्याच्यावर बाकीच्यांचा विश्वास असेल.

दुपारी दादा जेवायला घरी आला तेव्हा तिने कॅलेंडरच्या जुन्या पानाची एक पट्टी कापून त्याच्यासमोर ठेवली.

"उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी वर जा. काचेच्या डाव्या टोकामागे हा कागद सरकतो का बघ. दोन्हीकडून चिकटवलेली असेल तर सरकणार नाही. नाही सरकला तर मी बाबांविरुद्ध पुन्हा अवाक्षर काढणार नाही."

"म्हणजे बाबांची परीक्षा घ्यायची?"

"बाबांची नको घेऊस. काचेची घे."

दादाने मान हलवली आणि कागद बाजूला सारला. वहिनी आतापर्यंत या भांडणात कधी पडली नव्हती. ती ओट्यापाशी पाठमोरी उभी होती, तशीच म्हणाली, "अहो, ज्यांनी एवढा डोंगर बांधला, त्यांना कागदाच्या कपट्याने काय होणार आहे? या बघून. रोज मी दाराकडे डोळे लावून बसते. कुणाच्या भरवशावर बसते, ते मलाही कळू दे."

दादाने कागद उचलून खिशात घातला.

शनिवारी सकाळी शिफ्ट जमली. दादाने पाळणा मागवला आणि एकटाच वर गेला. भेगांची पाहणी मुकादम करतच असतो, त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. ती बोगद्याच्या तोंडाशी दुर्बिणीला डोळा लावून उभी होती. दादाने हातमोजा काढलेला दिसला. त्याने कागद काचेच्या टोकाशी नेला. कागद काचेमागे गेला आणि दिसेनासा झाला. दादाने तो बाहेर काढला, पुन्हा आत सरकवला. मग दुसऱ्या काचेपाशी गेला. तिसऱ्या. चौथ्या काचेपाशी कागद सरकवून झाल्यावर तो पाळण्याच्या कठड्याला धरून नुसताच उभा राहिला. लांबून त्याचा चेहरा तिला दिसत नव्हता, आणि बघावासाही वाटला नाही.

खाली आल्यावर त्याने भाषण वगैरे काही केलं नाही. समोरच्या ड्रिलवाल्याच्या हातात कागद दिला. "वर जा. काचेच्या डावीकडून हा घालून बघ."

तो जाऊन आला. मग दुसरा गेला, मग आणखी दोघे. सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवणारा एक जुना ड्रिलवाला होता, तो खाली येऊन म्हणाला, "दाराची बिजागरी असते ना, तसं आहे ते. एकीकडे धरलंय, दुसरीकडे मोकळं."

एव्हाना कुणीतरी वर्दी दिली होती. मॅनेजर आले, पाठोपाठ बाबा आणि चेला. गर्दीने वाट दिली. दादाने बोगद्याकडे बघून हाक मारली, "चिमे, आत ये."

ती आत गेली. चारी बाजूंनी दिवे होते, त्यामुळे तिच्या एक सोडून चार सावल्या पडल्या. दोघातिघांनी नकळत वर बघितलं. काही झालं नाही.

"तुमचा गैरसमज झालाय," बाबा शांतपणे म्हणाले. कागदाचं त्यांना वाटेतच कळलं असावं. "एक टोक मी मुद्दाम मोकळं ठेवलंय. डोंगराला श्वास घ्यायला नको? दोन्हीकडून आवळलं तर गुदमरेल तो."

आणि मंडळी, यावर दोन माणसांनी चक्क मान डोलावली. तिच्या तोंडून "अरे देवा" निघून गेलं.

"घेऊ दे की श्वास," दादा म्हणाला. "पण बाबा, एक टोक मोकळं असेल तर काच फुटणार कशी? आणि ती फुटणारच नसेल तर आम्हाला ती सांगते काय?"

"श्रद्धा असली की ते आपोआप कळतं."

"मला श्रद्धा होती," दादा म्हणाला. "मला नाही कळलं."

मॅनेजर मध्ये पडले. "अरे, चिकटवताना चूक झाली असेल. एवढं काय त्यात?"

"चूक एखाद्या काचेची होईल," ती म्हणाली. "चारही काचांचं डावंच टोक कसं काय चुकलं?"

सगळे चेल्याकडे बघायला लागले. काचा त्याच्या हातच्या होत्या. त्याने बाबांकडे बघितलं, मॅनेजरकडे बघितलं आणि मग त्याचा धीर सुटला. "पहिली काच मी नीटच लावली होती. सकाळी बघतो तर तडकलेली. तर हे मॅनेजरसाहेब म्हणाले, फुटणार नाही अशी लाव. म्हणून मग..."

बाबांनी त्याच्याकडे असं बघितलं, जणू डोंगराच्या आधी यालाच बांधून ठेवायला हवा होता.

दादाने तिथल्या तिथे पुन्हा वर जाऊन एक काच उपटून काढली आणि प्लॅस्टर कालवून दोन्ही टोकांना घट्ट बसवली, सगळ्यांच्या देखत. "आता थांबू या," तो म्हणाला. शिफ्ट बोगद्याच्या तोंडाशी जाऊन बसली. मॅनेजरनी आधी समजावलं, मग आवाज चढवला, मग फोन लावत निघून गेले. बाबाही त्यांच्यामागून गेले. सुरुंग नव्हता, ड्रिल चालू नव्हतं, दालनात चिटपाखरू नव्हतं. दुपारच्या चहाच्या आधी दादा आणि तो जुना ड्रिलवाला वर जाऊन बघून आले. काच मधोमध तडकली होती.

त्या दिवशी कुणीही आत गेलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. महिनाभर तिच्या अहवालांनी जे झालं नव्हतं, ते कामगार बाहेर बसल्यावर दोन दिवसांत झालं. मोठे साहेब स्वतः आले, यंत्रावरची रेघ बघितली, तडकलेली काच बघितली आणि बोल्ट मागवले. वर तिला म्हणाले, "तुम्ही हे आधी ठासून सांगायला हवं होतं." तिने उत्तर दिलं नाही. दिलं असतं तर नोकरी राहिली नसती.

बोल्ट घालायचं काम दादाच्याच माणसांनी केलं. तिने त्यांना एकदम भेगेखाली जाऊ दिलं नाही. आधी कडेच्या पक्क्या छतात बोल्ट घालायचे, मग त्या सुरक्षित भागात उभं राहून थोडं थोडं पुढे सरकायचं. तिसऱ्या दिवशी दादाचं ड्रिल छतात शिरता शिरता अचानक हिसका देऊन पुढे गेलं, जणू वर खडकच नव्हता. तो खाली उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्याचा रंग उडाला होता.

"आत पोकळ आहे, चिमे. दोन बोटं जातील एवढी फट आहे."

तिने त्याला जमिनीवर खडूने काढून दाखवलं. छतातल्या तीन भेगा वर एकमेकींना मिळत होत्या आणि मध्ये पाचरीसारखा एक मोठा तुकडा सुटा झाला होता. आजूबाजूच्या खडकाने त्याला दोन्हीकडून दाबून धरलं होतं, म्हणून तो टिकला होता. खालचा तळ जसजसा खोल जात होता तसतशी ती पकड ढिली होत होती आणि पाचर घसरत होती. शनिवारचा सुरुंग उडाला असता तर ती खाली आली असती. बोल्टांनी तिला वरच्या पक्क्या खडकाला टाचून टाकलं. भोकांमधून सिमेंट भरलं तर ते कितीतरी जास्त लागलं, कारण ते फटीत जात होतं. पंधरवड्याने यंत्रावरची रेघ आडवी झाली आणि आडवीच राहिली. मग मोठा सुरुंग उडाला. छत जरासं हललं आणि थांबलं.

मॅनेजरची बदली झाली, म्हणजे त्यांना दुसरी साइट मिळाली. डोंगरबाबाही गेले, ऐकण्यात आलं ते असं, की आता एका धरणाच्या भिंतीला कान लावून बसलेत.

इथे गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण काही दिवसांनी कँटीनमध्ये चहा पिता पिता एक लोडरवाला म्हणाला, "काही म्हणा, शेवटी पडलं का काही? बाबा सांगूनच गेले होते, हलायचा नाही म्हणून."

आणि टेबलावरच्या दोघातिघांनी हुंकार भरला.

तिच्या हातातला कप हातातच राहिला. म्हणजे छत पडलं असतं तर बाईच्या सावलीने बंधन सुटलं, आणि पडलं नाही तर बाबांची कृपा. बाबा काही केल्या हरायचेच नाहीत. न पडलेला दगड दाखवता येत नाही, हेच तिच्या धंद्याचं दुर्दैव. काम जितकं चोख, तितकं ते कुणाला दिसत नाही.

"छतात बोल्ट मी घातलेत," पलीकडून दादा म्हणाला. "माझे खांदे अजून दुखतायत. बाबांचं काय दुखलं?"

सगळे हसले. लोडरवालाही हसला. पण हसून झाल्यावर म्हणाला, "तरीपण."

ती उठली होती, परत बसली.

"तुम्ही काय मानायचं ते मी सांगणार नाही," ती म्हणाली. "भीती वाटते, हे मला कळतं. मलाही वाटते. पण खडक कुणावर रुसत नाही आणि कुणाचं ऐकतही नाही. त्याला वजन आहे, त्याला भेगा आहेत. एकतर तो पेलतो, नाहीतर पडतो. आणि ते आधी मोजता येतं. उद्या माझ्यावरही आंधळा विश्वास ठेवू नका. मी म्हणाले छत ठीक आहे, तर विचारा, कशावरून? वर चढून बघा, हात लावून बघा, यंत्रावरचा आकडा मागा. जो कुणी म्हणेल की इथे बघायचं नाही, हात लावायचा नाही, अमक्याने यायचं नाही, त्याच्या जागेत सगळ्यात आधी जाऊन बघा. तुमची माणसं घरी वाट बघत असतात, तेवढ्यासाठी तरी बघा."

लोडरवाला कपाच्या तळाशी उरलेला चहा हलवत राहिला.

"ती रेघ आडवी झाली, आडवी झाली म्हणता," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे नक्की काय झालं?"

हे तिने याच शिफ्टला आतापर्यंत निदान पाच वेळा समजावून सांगितलं होतं. तिने खुर्ची पुढे ओढली, टेबलावरचे कप बाजूला केले आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.